शिकोकूची उदोन टूर घ्यावी का? सोबत शाकाहारी आई आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जपानच्या शिकोकू बेटावर कागावा भागात गाइडसोबत तीन-चार ठिकाणी उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्स, खाऊ घालणारी टूर असते, ती घ्यावी का, आणि शाकाहारी आईला त्यात काही खाता येईल का?

घ्या. पण बसची नको, टॅक्सीची घ्या. आईच्या खाण्याचं मात्र टूरवाल्यांच्या भरवशावर सोडू नका.

मी सहा वर्षं ओकायामात राहतो, म्हणजे शिकोकूला जाणाऱ्या समुद्रावरच्या पुलाच्या अलीकडे. पूल ओलांडला की कागावा. ही टूर मी दोनदा केली, एकदा ऑफिसातल्या लोकांबरोबर आणि एकदा आईबाबा सांगलीहून आले होते तेव्हा. पहिल्या खेपेला बस होती. चाळीस माणसं एकदम एका दुकानात उतरली की रांगेतच अर्धा तास जातो. चांगली दुकानं तर भातशेतीच्या मधे, पत्र्याच्या शेडसारख्या जागेत असतात. तिथे बस वळतसुद्धा नाही.

कोतोहिरा गावात उदोन टॅक्सी मिळते. टपावर उदोनच्या वाडग्याचा दिवा असतो, लांबूनच ओळखू येते. हिच्या ड्रायव्हरला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, शिवाय स्वतःच्या हातांनी उदोन करून दाखवावं लागतं. भाडं माणशी नसून गाडीचं असतं, त्यामुळे तिघंचौघं असाल तर परवडतं. ड्रायव्हरचा खरा उपयोग रस्त्यापेक्षा दुकानात शिरल्यावर होतो. तिथे कोणी वेटर येत नाही. ताट घ्यायचं, आकार सांगायचा: शो म्हणजे लहान, चू मधला, दाइ मोठा. मग नूडल्सचा गोळा आपणच झाऱ्यात घालून उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवायचा, वाडग्यात ओतायचा आणि टाकीचा नळ सोडून वर रस्सा घ्यायचा. मागे गावातले लोक उभे असतात आणि त्यांना घाई असते. आमच्या ड्रायव्हरकाकांनी बाबांच्या हातातला झारा धरून दोन झटके देऊन दाखवले, तसं बाबांना लगेच जमलं.

गार की गरम, हाही प्रश्न विचारतात. काही ठिकाणी ‘हियाआत्सु’ म्हटलं की गार नूडल्सवर गरम रस्सा मिळतो. माझं मत विचाराल तर हेच मागवा. उकडलेलं उदोन गार पाण्यात धुतलं की आवळून येतं. दात टेकवला की आधी मऊ लागतं, मग आतून विरोध करतं. त्या विरोधाला तिथे ‘कोशी’ म्हणतात, आणि दुकान चांगलं की वाईट हे त्यावरच ठरतं. पहिल्या वाडग्यात ते कळत नाही, कारण भूक असते. तिसऱ्याला कळतं. म्हणून सगळीकडे ‘शो’च मागवा, त्याला साधारण तीनशे येनच्या आसपास पडतात. ऑफिसच्या टूरमध्ये एकाने पहिल्याच दुकानात ‘दाइ’ घेतला आणि उरलेला दिवस तो बसमध्ये झोपून होता.

हे सगळं कागावातच का, याचं उत्तर पावसात आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे समुद्राची पट्टी, त्यामुळे ढग येईपर्यंत रिकामे होतात. आपल्याकडे घाटाच्या पलीकडे पर्जन्यछाया म्हणतात, तसाच प्रकार. भाताला पाणी पुरत नाही म्हणून हजारो तळी खोदलेली आहेत. त्यातलं मान्नो नावाचं मोठं तळं 821 साली कूकाई या बौद्ध भिक्षूने दुरुस्त करून घेतलं. उदोनही त्यानेच चीनहून आणलं असं गावकरी सांगतात, ती दंतकथाच समजा. भात निघाल्यावर त्याच शेतात गहू, शेजारच्या समुद्रातलं मीठ, शोदोशिमा बेटावरचं सोया सॉस, इबुकी बेटावरची सुकी मासळी, असं सगळं हाताशी होतं.

आता गंमत. आज तिथला बहुतेक गहू ऑस्ट्रेलियाचा असतो. मी हे ड्रायव्हरकाकांना जरा खोचकपणेच विचारलं. ते म्हणाले, गहू कुठलाही आणा, मिठाचं पाणी आमचं. जुना हिशोब असा आहे: उन्हाळ्यात एक भाग मिठाला तीन भाग पाणी, थंडीत सहा. हवा बघून हात बदलतो.

आता आईचं. आम्ही बुकिंग केलं त्या एजन्सीने ‘शाकाहारी पर्याय आहे’ असं लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात तो पर्याय म्हणजे वर मांस न घातलेला वाडगा. खालचा रस्सा इरिकोचा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातल्या सुक्या माशांचा. आईने वाडगा नाकाशी नेला आणि काही न बोलता बाबांपुढे सरकवला. जपानी माणसाला रश्शातला मासा हा मासा वाटतच नाही, त्यामुळे ‘शाकाहारी आहे का’ असं विचारू नका. ‘किजोयू उदोन’ मागा: गार नूडल्स, वर नुसतं सोया सॉस, किसलेला मुळा, आलं, कांद्याची पात, तीळ. बाटलीवर ‘दाशिजोयू’ लिहिलं असेल तर सोडा, त्यात मासा आला. इनारी नावाचा भात शाकाहारी दिसतो, पण त्याचं टोफूचं आवरण बहुधा त्याच रश्शात शिजवतात. टेंपुरा, म्हणजे तिथली भजी, रताळ्याचा असला तरी तेल कोळंबी तळलेलंच. घरून शेंगदाण्याची चटणी न्या. आईने नेली होती आणि किजोयूवर भुरभुरली. काकांनी चव घेतली आणि पुडी मागून घेतली.

वेळ असेल तर नूडल्स करायच्या वर्गातही बसा. कणीक इतकी घट्ट असते की ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवतात. आई अडूनच बसली: ‘अन्नाला पाय लावायचा?’ शिकवणाऱ्या बाई गोंधळल्या. मी कसंबसं भाषांतर केलं. शेवटी आईने वाकून त्या गोळ्याला नमस्कार केला आणि मग जी तुडवायला लागली ती बाईंनी ‘पुरे’ म्हणेपर्यंत. तुडवलेली कणीक थोडा वेळ मुरवतात, मग लाटून, घड्या घालून कापतात. आमच्या पट्ट्या एक बोटभर, एक दोऱ्याएवढी. सगळ्या एकाच भांड्यात उकडल्या, त्यामुळे अर्ध्या कच्च्या, अर्ध्या गिळगिळीत. आईने सगळ्या खाल्ल्या.

सकाळी लवकर निघा. बरीच दुकानं दुपारी, नूडल्स संपल्या की बंद होतात. कोतोहिराच्या कोंपिरा देवळाला 785 पायऱ्या आहेत, त्या दोन वाडग्यांच्या मधे ठेवा, शेवटी नको. आणि मोजे न फाटलेले घाला, वर्गात बूट काढावे लागतात.