बागेच्या दोन टाक्यांसाठी ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) आणि रास्पबेरी पाय (छोटा संगणक) वापरून पाण्याची पातळी बघायची आणि पंप चालवायचा आहे. आखणी कशी करावी?

असं धरू की दोन्ही टाक्यांवर एकेक ईएसपी३२ असेल, पंप खालच्या टाकीतून वर पाणी चढवेल, वरून उताराने ते ठिबकला जाईल आणि सगळे निर्णय घरातला पाय घेईल. यातली शेवटची गोष्ट तेवढी बदला.

पंप बंद करण्याचा निर्णय पंपाशेजारच्या कंट्रोलरकडेच, म्हणजे तिथल्या ईएसपी३२कडेच हवा. वायफाय जातं, राउटर अडकतो, पायचं मेमरी कार्ड खराब होतं. 'बंद कर' हा निरोप नेमका तेव्हाच पोचला नाही तर रात्रभर टाकी वाहत राहते, किंवा खालची रिकामी होऊन पंप कोरडा चालतो. म्हणून पंपाच्या कंट्रोलरला साधा नियम द्या: वरच्या टाकीची ताजी पातळी दोन मिनिटांत आली नाही तर पंप बंद, आणि एका वेळी ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त चालायचं नाही. शिवाय दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) घाला, पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कमी व्होल्टच्या कॉइलशी सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेत. कोड काहीही म्हणो, वरची भरली किंवा खालची संपली की सर्किट तुटलंच पाहिजे. पायकडे वेळापत्रक, आलेख आणि मोबाईलवरच्या सूचना एवढंच काम ठेवा.

निरोपांसाठी एमक्यूटीटी (यंत्रांमध्ये छोटे निरोप पाठवायची पद्धत) उत्तम. पायवर मॉस्किटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप पोचवणारा मध्यस्थ प्रोग्राम, सहज चालतो. पण 'रिटेन' (शेवटचा निरोप ब्रोकरकडे साठवून ठेवणं) जपून वापरा. 'पंप चालू' हा हुकूम रिटेन करून पाठवला, तर कंट्रोलर रीस्टार्ट होऊन पुन्हा जोडला गेला की ब्रोकर तोच शिळा हुकूम त्याच्या हातात देतो आणि पंप सुरू होतो. पातळीचंही तसंच. रिटेन केलेला जुना आकडा ताजा वाटतो, म्हणून प्रत्येक निरोपात वेळ किंवा चढता क्रमांक घाला आणि तो पुढे सरकला तरच पातळी ताजी धरा.

पातळी मोजायला जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यापासून सुरक्षित अल्ट्रासॉनिक सेन्सर बरेच जण घेतात. त्याला साधारण २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं दिसत नाही, तेव्हा भरलेल्या पाण्यापासून तेवढा उंच बसवा. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशाला ०.६ मीटरने वाढतो. उन्हात टाकीतली हवा ४० अंशांवर गेली की एक मीटरच्या मोजणीत तीनेक सेंटिमीटरचा फरक पडतो. शेजारी तापमानाचा सेन्सर लावून ते दुरुस्त करता येतं. सेन्सर ५ व्होल्टवर चालवलात तर त्याची इको पिन (मोजणीचा सिग्नल देणारी) दोन रेझिस्टरांनी ३.३ व्होल्टवर आणूनच ईएसपी३२ला जोडा. मला स्वतःला टाकीच्या तळाशी बसणारा प्रेशर सेन्सर जास्त आवडतो: एक मीटर पाणी म्हणजे साधारण ९.८ किलोपास्कल, आणि वाफ किंवा कोळ्याच्या जाळ्याची भानगड नाही. फक्त तो ईएसपी३२च्या ३२ ते ३९ यांपैकी एखाद्या पिनवर घ्या. वायफाय चालू असताना एडीसी२च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर भरवसा ठेवता येत नाही.

ठिबकच्या व्हॉल्व्हकडे आधी बघा, कारण बहुतेक आखण्या तिथेच फसतात. बाजारातले बरेचसे सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणारे) व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबावर उघडतात आणि त्यांना किमान दाब लागतो. तुमची टाकी दोन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.२ बार मिळेल. तेवढ्यात ते नीट उघडतीलच असं नाही. मोटरवर फिरणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या.

रिले (कंट्रोलरच्या हुकमावर चालणारा स्विच) निवडताना कंट्रोलर चालू होण्याच्या क्षणी पिन कुठल्या अवस्थेत असते ते तपासा आणि रेझिस्टर लावून ती 'बंद'कडे ओढून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस फक्त मोजणी चालू द्या, पंप हातानेच चालवा. आकड्यांवर विश्वास बसला की रिले जोडा आणि पंप चालू असताना राउटरचा प्लग काढा. दोन मिनिटांत पंप आपोआप थांबला नाही, तर तो तसाच एकटा सोडून गावाला जाऊ नका.