क्लब आपला, हिशेब कोणाचा?

खानदेशातल्या फुटबॉल क्लबांच्या कारभाराबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आणि क्लबांची, माणसांची नावं गाळली. कायदा आणि हिशेबाची उत्तरं सार्वजनिक न्यासांचं ऑडिट करणाऱ्या जाणकारांची आहेत, मैदानाचं उत्तर मैदानं बांधणाऱ्यांचं.

प्रश्न (भुसावळ): आमच्या क्लबची दरवर्षी मोठी स्पर्धा होते. आम्ही पैसे देतो, बाहेरगावच्या सामन्यांना पदरमोड करून जातो. पण जमाखर्च कधी दाखवत नाहीत. अध्यक्ष-सचिव वर्षानुवर्षं तेच. विचारलं तर म्हणतात, ‘तुम्ही मॅच बघा, बाकी आमच्यावर सोडा.’ हिशेब मागायचा आम्हाला हक्क आहे का?

उत्तर: आधी तुमच्याकडची पावती काढून बघा. तिच्यावर ‘देणगी’ लिहिलंय की ‘सभासद वर्गणी’? तुमचं पुढचं सगळं बळ या दोन शब्दांवर अवलंबून आहे.

आपल्याकडचे बहुतेक क्लब १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात आणि त्यामुळे १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येतात. या दुसऱ्या कायद्यात ‘हितसंबंधित व्यक्ती’, म्हणजे ज्याचा अर्ज ऐकला जातो ती, कोण, हे कलम २(१०) मध्ये दिलंय. नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत तिथं संस्थेचा सभासद मोजला आहे. वीस वर्षं देणगी देणारा, उन्हात उभा राहून घसा फोडणारा माणूस सभासद नसेल तर धर्मादाय कार्यालयात (या संस्थांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय) त्याचा अर्ज पहिल्याच तारखेला अडतो. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा असाच आहे. म्हणून भांडणाच्या आधी सभासद व्हा.

संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. कमिट्या हे हत्यार नेमकं सभेच्या दिवशी काढतात. वर्गणी रोख देऊ नका. क्लबच्या बँक खात्यात भरा आणि पावती मागा. सभासद करून घेत नसतील तर अर्ज आणि प्रवेश फीचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा. नकार आला तर तो लेखी यायला हवा, उत्तरच आलं नाही तर तुमच्या हातात पोचपावती राहते.

मग कागद जमवा. क्लबचा ‘एफ’ नंबर लेटरहेडवर किंवा पावतीवर असतो. तो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात नकलेचा अर्ज करा आणि संस्थेची घटना, परिशिष्ट एकचा (कमिटीच्या नावांच्या नोंदीचा) उतारा आणि शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. नक्कल मिळायला अडचण आली तर त्याच कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये फी. अर्ज क्लबकडे करू नका. क्लब सहसा सार्वजनिक प्राधिकरण नसतो, तो अर्ज फेटाळतो आणि तुमचे महिने वाया जातात.

परिशिष्ट एकवर आजच्या कमिटीची नावं आहेत का ते बघा. निवडणूक किंवा बदल झाला की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी उताऱ्यावर अजून मयत झालेल्या विश्वस्तांची, म्हणजे कमिटी सदस्यांची, नावं निघतात.

ऑडिट अहवालात लोक आकड्यांमागे लागतात. आम्ही म्हणतो, आधी ऑडिटरची प्रश्नावली वाचा. ताब्यातली रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का, पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, सभांची इतिवृत्तं ठेवली आहेत का, सभा नियमित होतात का, विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे का, हे तिथं एकेका ओळीत असतं. ऑडिटरनं ‘नाही’ लिहिलेली एक ओळ सभेत दहा भाषणांपेक्षा जास्त काम करते.

मग आकडे. सगळ्यात मोठी गळती स्पर्धेत असते. ‘स्पर्धा समिती’ नावाचं वेगळं खातं उघडतात, कधी तेही नाही, खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाईलचा क्यूआर मैदानाच्या फाटकावर चिकटवतात. प्रवेश फी, फलकांच्या जाहिराती, चहा-वडापावच्या गाड्यांचं भाडं, सगळं तिकडं. क्लबच्या ताळेबंदात मात्र फक्त ‘स्पर्धा खर्च’ दिसतो, ‘स्पर्धा जमा’ दिसतच नाही किंवा गोल आकडा असतो. यासाठी स्पर्धेच्या दिवसांतच पुरावा जमवा: पत्रिका, फलकांचे फोटो, संघांची यादी, प्रवेश फीची जाहिरात. ३२ संघ आणि प्रत्येकी ३,००० रुपये फी असेल तर नुसत्या प्रवेश फीचे ९६,००० होतात. ताळेबंदात त्यापेक्षा कमी आकडा असेल तर प्रश्न तयार झाला. प्रश्न लेखी विचारा, आरोप करू नका. ‘पैसे खाल्ले’ असं लिहिलंत तर अब्रूनुकसानीची नोटीस येते आणि मूळ हिशेब बाजूला पडतो.

प्रश्न (अमळनेर): आम्ही विशेष सभा मागितली तर सचिव म्हणे, ‘तुमले काय करनं शे? सभा मार्चमा व्हई.’ मार्च गेला, सभा नाही. पुढे काय?

उत्तर: विशेष सभा किती सभासदांनी मागायची, हे घटनेत असतं. कुठं एक तृतीयांश, कुठं एक पंचमांश. म्हणून घटनेची प्रत हातात आल्याशिवाय सह्या गोळा करू नका. लागतात त्यापेक्षा चार-पाच सह्या जास्त घ्या, कारण थकबाकीदार म्हणून काही सह्या बाद केल्या जातात. प्रत्येक सहीपुढं सभासद क्रमांक आणि चालू पावतीचा क्रमांक लिहा.

मागणीपत्रात विषय ठरावाच्या भाषेत हवा. ‘क्लबच्या कारभारावर चर्चा’ असं लिहिलं तर सभा होते, चहा होतो, इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच राहतं. त्याऐवजी ‘मागील तीन वर्षांच्या स्पर्धांचा स्वतंत्र जमाखर्च ३० दिवसांत सभासदांपुढं ठेवावा’ किंवा ‘अमुक तारखेच्या आत कार्यकारिणीची निवडणूक घ्यावी व निवडणूक अधिकारी म्हणून क्लबबाहेरची व्यक्ती नेमावी’ असं लिहा. पदाधिकाऱ्याला काढायचा विषय ‘ऐनवेळच्या विषयांत’ घेऊ नका, तो ठराव पुढं टिकत नाही.

नोटिशीत इथं बहुतेकदा घोळ होतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रात्री नोटीस टाकतात आणि विरोधातल्यांना ग्रुपमधून आधीच काढलेलं असतं. घटनेत नोटिशीची जी मुदत आणि जी पद्धत आहे, तीच चालते. तुम्ही सभा बोलावणार असाल तर तुम्हीही तीच पाळा. रागावलेले समर्थक घाईत बोलावलेल्या सभेत चुकतात आणि चांगला ठराव बदल अर्जाच्या चौकशीत रद्द होतो, असं फार वेळा होतं.

सचिव हललाच नाही आणि सभासदांनी स्वतः सभा बोलवायची तरतूद घटनेत नसेल, तर त्याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे सभा घेण्याचे निर्देश मागा. सतत हिशेब न देणं, कर्तव्यात कसूर, पैशांचा अपहार अशा गोष्टी कागदावर दाखवता आल्या तर कलम ४१ड खाली विश्वस्तांना निलंबित करता येतं किंवा काढता येतं. पण हे लांबचं काम आहे, वकील लागतो. आमचा अनुभव असा, की ४१अ चा नीट अर्ज गेला की निम्म्या कमिट्या आपणहून सभेची तारीख काढतात.

प्रश्न (धुळे): कमिटी क्लबचं मैदान लग्नसराईत मंडपाला, दिवाळीत फटाक्यांच्या स्टॉलना देते. जून उजाडला की मैदान खड्ड्यांचं. मुलांचे घोटे मुरगळतात. हे थांबवता येईल का?

उत्तर: मैदान कोणाचं आहे ते आधी काढा: सातबारा किंवा सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. जागा महापालिकेची असेल तर क्लबला दिलेल्या आदेशाची प्रत महापालिकेकडून माहिती अधिकारात घ्या आणि पोटभाड्याबद्दल त्यात काय अट आहे ते वाचा. जागा क्लबच्याच नावावर असेल तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. म्हणून अकरा-अकरा महिन्यांचे करार करतात. ते बेकायदा ठरतीलच असं नाही, पण भाडं कुठं जमा झालं ते मात्र विचारता येतं.

भाडं पूर्ण बंद करा, असं आम्ही सांगणार नाही. लहान क्लबला त्या पैशावर चेंडू आणि पाणी मिळतं. अटी घाला: परतफेडीची अनामत, मंडप उतरल्यावर दोन्ही बाजूंनी पाहणी, खांबांसाठी खोदण्याऐवजी वजनाचे पाय, भट्टी मैदानाबाहेर, आणि पावसानंतर ओल असेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉलीला बंदी. आपली जमीन काळी आहे. ओल्या काळ्या मातीवर चाक गेलं की ती आतपर्यंत दाबली जाते, पुढच्या पावसात तिथं पाणी साचतं आणि गवत कुजतं.

खड्डे बुजवताना लोक मुरूम टाकतात. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. मुरूम तसं करत नाही. मग उन्हाळ्यात प्रत्येक खड्ड्याभोवती गोल भेग पडते आणि बुटाचा स्टड नेमका तिथं अडकतो. म्हणून त्याच मैदानाच्या कडेची माती घ्या. खड्ड्यातली मोकळी माती, दगड, खिळे काढा. १० ते १५ सेंटिमीटरचे थर द्या. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, एवढीच ओल ठेवा. प्रत्येक थर धुम्मसानं ठोका. वरचा ५ सेंटिमीटरचा थर माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून द्या आणि तो आजूबाजूपेक्षा बोटभर उंच ठेवा, कारण पहिल्या पावसात बसतोच. भट्टीखालची भाजलेली, तेल झिरपलेली माती भरून चालत नाही, ती काढून फेका. शेवटी दोरीला मोठं लोहचुंबक बांधून मंडपाची जागा उभी-आडवी ओढून काढा. खिळे आणि तारेचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. मंडपासाठी गोलपोस्ट काढतात आणि परत नुसते टेकवून ठेवतात. खेळाच्या पहिल्याच नियमात लिहिलंय की गोल जमिनीला घट्ट बांधलेला असला पाहिजे, हलवता येणारा असला तरी. आडव्या बारला लोंबकळणाऱ्या मुलावर सैल गोल उलटला तर जीव जातो. हा विषय सभेपर्यंत थांबवू नका. आजच मागच्या चौकटीला खुंट्या ठोका किंवा वाळूची पोती टाका.

प्रश्न (नंदुरबार): माझी मुलगी सकाळी सरावाला जायची. ‘पैसे नाहीत’ म्हणून मुलींचा सराव बंद केला, पण खुल्या स्पर्धेची बक्षिसं वाढवली. आईनं बोलावं का?

उत्तर: बोलाच, ताई, आणि आकडे घेऊन बोला. वीस मुलींच्या सरावाला १० चेंडू, वेगळ्या रंगाची १० बनियनं, ३० शंकू आणि एक हवेचा पंप पुरतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलींना ४ नंबरचा चेंडू, पुढं ५ नंबरचा. हे साहित्य दोन हंगाम चालतं. दर महिन्याचा खर्च म्हणजे फक्त प्रशिक्षकाचं मानधन. तुमच्या गावच्या दुकानातले भाव लिहून बेरीज करा आणि ती स्पर्धेच्या पहिल्या बक्षिसाशेजारी मांडा. मग ठराव मागा, की स्पर्धेच्या शिलकीतला ठरलेला हिस्सा आधी मुलामुलींच्या सरावासाठी वेगळा काढायचा.

प्रश्न (जळगाव): आम्ही मोहन बागान आणि युरोपातल्या क्लबांचे चाहते. मालक पैसेवाले. आमच्या ओरडण्यानं काय होतं?

उत्तर: कधी कधी होतं. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल संघ कोलकात्याच्याच एटीके या संघाबरोबर एक झाला आणि नावापुढं ‘एटीके’ लागलं. समर्थकांनी ते हटवण्याची मागणी सोडली नाही. मार्च २०२३ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) विजेतेपदानंतर मालकांनी नाव बदलल्याचं जाहीर केलं. पण नाव बदललं, मालकी नाही. फुटबॉलचा संघ कंपनीत असतो तेव्हा मूळ क्लबच्या सभासदाचं मत तिथं फार पोचत नाही. पुण्यानं तर २०१९ मध्ये आयएसएलचा संघच गमावला, फ्रँचायझी हैदराबादला गेली. समर्थकांच्या हातात काहीच नव्हतं.

जर्मनीत ‘५० अधिक १’चा नियम आहे, म्हणजे मतांचं बहुमत सभासदांच्या क्लबकडंच राहतं. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग हे अपवाद. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन काढला. खालच्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये विम्बल्डनमधल्या प्लाऊ लेनला परतला. आजही त्याची सूत्रं समर्थकांच्या ट्रस्टकडं आहेत. यातून घ्यायचं ते एवढंच, की मताचा हक्क कागदावर कोणाकडं आहे हे आधी विचारावं.

प्रश्न (चोपडा): कंटाळून नवा क्लबच काढायचा विचार आहे. काय सांभाळावं?

उत्तर: सात जण असले की संस्था नोंदता येते. घटना झेरॉक्सच्या दुकानातला नमुना भरून करू नका, जुन्या क्लबचं दुखणं त्याच नमुन्यातून आलेलं असतं. एका पदावर सलग किती वर्षं, हे लिहा. विशेष सभा एक पंचमांश सभासदांना मागता यावी आणि सचिवानं २१ दिवसांत न बोलावल्यास त्यांनीच बोलवावी, हे लिहा. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या, त्यात खजिनदाराची असलीच पाहिजे. तिघं एकाच घरातले नसावेत. क्यूआर फक्त क्लबच्या खात्याचा. स्पर्धा संपल्यावर ३० दिवसांत जमाखर्च फलकावर. सभासदत्वाचा अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली काढायचा आणि नाकारला तर कारण लेखी द्यायचं. आणि जुन्या क्लबमधली वर्गणी भरायची थांबू नका, तिथलं तुमचं मत शाबूत ठेवा.