वाचकांचे प्रश्न : हीट पंप मंद आचेवर चालवावा

प्रश्न : आम्ही रेडिंगला १९३०च्या दशकातल्या जोडघरात राहतो. गॅसचा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला असून वर्षाला सुमारे १२,००० युनिट (किलोवॉट-तास) गॅस लागतो. एका कंत्राटदाराने घर न पाहता, फोनवर खोल्यांची संख्या विचारून, १२ किलोवॉटच्या हीट पंपाचे, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्राचे, कोटेशन पाठवले आहे. शेजारी सांगतात की जुन्या घरात असा पंप चालत नाही आणि बिल वाढते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : हे कोटेशन आपण स्वीकारू नये. शेजाऱ्यांची बिलाविषयीची भीती अगदीच निराधार नाही, मात्र तिचे खापर जुन्या घरावर फोडणे चुकीचे आहे. ब्रिटिश सरकारच्या अर्थसाह्याने ७४२ घरांत हीट पंप बसवून त्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्यांत व्हिक्टोरियन काळातल्या घरांपासून १९६०च्या दशकातल्या फ्लॅटपर्यंत सर्व प्रकारची घरे होती, आणि घराचे वय किंवा बांधणी हा अडथळा ठरला नाही. वर्षभराचा हिशेब करता त्यातल्या मधल्या घराला एक युनिट विजेमागे सुमारे २.८ युनिट उष्णता मिळाली. चांगल्या आणि वाईट जोडणीतला फरक मात्र फार मोठा होता, आणि आपले बिल नेमके त्या फरकावर ठरणार आहे.

आपलाच आकडा घेऊ. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला, तर १२,००० युनिट गॅसमधून घराला १०,२०० युनिट उष्णता मिळते. हिशेबापुरता गॅसचा दर साडेसहा पेन्स आणि विजेचा २६ पेन्स धरू. गॅसचे बिल ७८० पौंड होते. तेवढीच उष्णता २.८च्या पंपाकडून घेतली तर सुमारे ३,६४० युनिट वीज, म्हणजे जवळजवळ ९४७ पौंड, चांगल्या जोडणीच्या ३.८च्या पंपाकडून घेतली तर सुमारे २,६८० युनिट, म्हणजे ६९८ पौंड. यंत्र तेच, घर तेच, आणि तरी वर्षाला अडीचशे पौंडांचे अंतर पडते. स्वयंपाकही विजेवर नेऊन गॅसची जोडणी पूर्ण काढून टाकली, तर तिचा रोजचा स्थिर आकारही वाचतो.

हे अंतर प्रामुख्याने खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानाने पडते. हीट पंप म्हणजे घरातल्या फ्रिजचेच तत्त्व उलट बाजूने वापरणे आहे : बाहेरच्या थंड हवेतही उष्णता असते, ती यंत्रातला वायू शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून तापवतो आणि ती उष्णता पाण्याला मिळते. लॉर्ड केल्व्हिन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. बाहेरची हवा आणि आतले पाणी यांच्या तापमानांत जेवढे अंतर, तेवढे कॉम्प्रेसरचे कष्ट अधिक. पाणी एक अंशाने कमी तापवले तर साधारण दोन ते तीन टक्के वीज वाचते. बॉयलर पाणी ७० अंशांपर्यंत सहज तापवतो. हीट पंपाची जोडणी कडाक्याच्या दिवशीही ४५ अंशांत भागेल अशी आखून घ्यावी. ४५ अंशांवर तोच रेडिएटर निम्म्याहूनही कमी उष्णता देतो, म्हणून काही खोल्यांत अधिक मोठे किंवा दुहेरी रेडिएटर लागतात. त्यांचा खर्च टाळू नये, कारण तो एकदाच होतो आणि चढे बिल मात्र दर हिवाळ्यात येते.

कोणत्या खोलीत किती मोठा रेडिएटर हवा, हे फोनवर कळत नाही. त्यासाठी कुणीतरी प्रत्यक्ष येऊन प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या, छत आणि जमीन यांतून किती उष्णता बाहेर जाते हे मोजले पाहिजे आणि तो तक्ता आपल्या हाती दिला पाहिजे. आपल्या गॅसच्या वापरावरून ढोबळ अंदाज केला, तर सर्वांत थंड दिवशीही आपल्या घराची गरज पाच-सहा किलोवॉटच्या पलीकडे जाईल असे वाटत नाही. त्यावर १२ किलोवॉटचा पंप लादला, तर सौम्य थंडीत तो काही मिनिटे चालेल, थांबेल, पुन्हा सुरू होईल, आणि वीज व कॉम्प्रेसरचे आयुष्य दोन्ही वाया घालवील. घरातले पाइप ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक आहेत का, हेही तपासून घ्यावे; तेवढ्यातून पुरेसे पाणी वाहीलच असे नाही. बॉयलर टाकीविना पाणी तापवणारा असेल, तर साधारण दोनशे लिटरच्या टाकीला जागा काढावी लागेल.

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीम या सरकारी अनुदान योजनेतून ७,५०० पौंड मिळतात. अर्ज कंत्राटदार करतो आणि रक्कम बिलातून वजा होते, मात्र तो एमसीएस (अशा जोडणीचा दर्जा प्रमाणित करणारी ब्रिटिश योजना) प्रमाणपत्रधारक असावा लागतो. छताचे इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) पातळ असेल तर ते आधी वाढवावे, म्हणजे पंपही लहान लागेल.

प्रश्न : आमची बाजूची गल्ली अरुंद आहे. हीट पंपाचे बाहेरचे यंत्र कुंपणालगत बसवता येईल का?
— एक वाचक, स्लाव

उत्तर : इंग्लंडमध्ये हद्दीपासून एक मीटर अंतर ठेवण्याची अट मे २०२५च्या अखेरीस रद्द झाली आहे, शेजाऱ्याच्या खिडकीपाशी पोहोचणाऱ्या आवाजाची मर्यादा मात्र पाळावीच लागते. कायदा परवानगी देत असला, तरी शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीकडे पंख्याचे तोंड करू नये, असे माझे मत आहे. यंत्रात प्रोपेन वायू असेल तर ते खिडकी, दार आणि गटाराचे झाकण यांपासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर ठेवावे, कारण प्रोपेन ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड असतो. यंत्रातून हिवाळ्यात पुष्कळ पाणी गळते. ते पायवाटेवर गोठून कुणी घसरू नये, म्हणून खाली खडीचा शोषखड्डा करून घ्यावा.

प्रश्न : गेल्या वर्षी हीट पंप बसवला. आम्ही रात्री तो बंद करतो आणि पहाटे सुरू करतो. पण घर दुपारपर्यंत गार असते, रेडिएटर जेमतेम कोमट लागतात, आणि थंडीत बाहेरच्या यंत्रातून वाफ निघते. यंत्र बिघडले आहे का?
— एक वाचिका, लेस्टर

उत्तर : तुमचे यंत्र ठीक असावे, त्याला चालवण्याची पद्धत बदलावी लागेल. ती वाफ म्हणजे बाहेरच्या जाळीवर साचलेले हिम यंत्र स्वतःच वितळवत असल्याचे लक्षण आहे. शून्याच्या आसपासच्या दमट हवेत हे दर तासा-दोन तासांनी काही मिनिटे घडू शकते.

रेडिएटर कोमट असणे हीच चांगली खूण आहे. बॉयलर हा भडकलेल्या चुलीसारखा असतो, त्याला पहाटे पेटवून घर झटपट तापवता येते. हीट पंपाचे काम मंद आचेवर दूध आटवण्यासारखे आहे, आच लहान आणि वेळ भरपूर. रात्रभर भिंती गार पडू दिल्या की पहाटे त्या यंत्राची सगळी ताकद ओढून घेतात. म्हणून तो चोवीस तास चालू ठेवावा आणि रात्री तापमान फार तर दोन अंशांनी उतरवावे. नियंत्रकात बाहेरच्या हवेनुसार पाण्याचे तापमान आपोआप बदलण्याची सोय असते, ती सुरू आहे का हे पाहावे. मुख्य खोल्यांतल्या रेडिएटरच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवाव्यात.

माझ्या घरी जोडणी करणाऱ्याने पाणी ५५ अंशांवर ठेवून दिले होते. मी दर तीन-चार दिवसांनी ते दोन अंशांनी उतरवत गेलो, आणि ज्या दिवशी बैठकीची खोली किंचित गार वाटली त्या दिवशी दोन अंश परत चढवून थांबलो. असे तुम्हीही करावे, मात्र ते खऱ्या थंडीच्या दिवसांत. नळाच्या पाण्याच्या टाकीला मात्र हा नियम लावू नये. ती रोज ४८ ते ५० अंशांवर चालेल, पण जिवाणूंची वाढ रोखण्यासाठी तिला आठवड्यातून एकदा ६० अंशांपर्यंत नेण्याची व्यवस्था चालू असावी.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या बंगल्यात सौर बंब आहे, तरी पावसाळ्यात गीझर लावावा लागतो. मुलगी इंग्लंडहून हीट पंप घ्या म्हणते. इथे त्याचा उपयोग आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घर तापवण्यासाठी नाही, पण आंघोळीच्या पाण्यासाठी चांगला उपयोग आहे. पुण्याची हवा या यंत्राला इंग्लंडपेक्षा कितीतरी अनुकूल असते. दोनशे लिटर पाणी २२ अंशांवरून ५० अंशांपर्यंत नेण्यास गीझरला साडेसहा युनिट लागतात, तर हीट पंपाला दोनच्या आसपास पुरतात. सौर बंब चालू स्थितीत असेल तर तो काढू नये. गीझर फक्त ढगाळ महिन्यांपुरता लागतो, म्हणून तेवढ्या बचतीतून नव्या यंत्राची किंमत भरून येण्यास पुष्कळ वर्षे लागतील. सौर बंब बदलण्याची वेळ आली की हीट पंपाचा विचार करावा. बोअरवेलचे पाणी जड असेल तर टाकीतली गंजरोधक कांडी दर वर्षी तपासावी, आणि यंत्र गच्चीवर हवा खेळेल अशा सावलीत बसवावे. बंद बाथरूममध्ये बसवू नये.