आराखड्याआधी रहिवाशांकडे जा

सामुदायिक जागेच्या नियोजनाचे काम तुम्ही प्रथमच हाती घेत आहात, म्हणून सांगतो: रंगवून पूर्ण केलेला आराखडा घेऊन पहिल्या बैठकीला जाऊ नका, कारण तो पाहताच लोकांना वाटते की निर्णय झालेला आहे आणि आपल्याला केवळ माना डोलावण्यासाठी बोलावले आहे. अमेरिकी धोरण-अभ्यासक शेरी आर्न्स्टाइन यांनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तीत माहिती देणे आणि मत विचारणे हा नाममात्र सहभागच ठरतो, भागीदारी सहाव्या पायरीवर येते.

बैठकीपेक्षा रहिवाशांसोबत प्रत्यक्ष जागेवर मारलेली फेरी मला अधिक उपयोगी वाटते. ती एकदा सकाळी आणि एकदा दिवेलागणीला मारावी. अशाच एका फेरीनंतर एका आजींनी नकाशावर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली. ती त्यांची रोजची पायवाट होती आणि आम्ही नेमके तिथेच कुंपण दाखवले होते.

सभेत बहुधा तेच चार-पाच जण बोलतात. पाळीत काम करणारे, तान्ह्या बाळांच्या आया, व्हीलचेअर वापरणारे आणि मुले यांच्याकडे त्यांच्या सोयीच्या वेळी तुम्हीच जायला हवे. निधी आणि जागेची हद्द यांसारख्या न बदलणाऱ्या बाबी मात्र आरंभीच स्पष्ट सांगा, भलत्या आशा लावू नका. पुढच्या बैठकीत प्रत्येक सूचनेचे काय झाले, आणि नाकारली असल्यास का, हे लेखी स्वरूपात भिंतीवर लावा.