कागदी शेडवरच्या सुरकुत्या

प्रश्न : मी डिझाइनच्या दुसऱ्या वर्षात शिकते. बांबूच्या कामट्यांच्या गोल सांगाड्यावर कागद ताणून आणि त्यावर वाळलेली पाने, बिया व सुतळी चिकटवून मी टेबलावरच्या दिव्याची शेड केली आहे. पण पानांभोवती कागदाला सुरकुत्या पडल्या, पानांच्या कडा सुटल्या आणि हिरवा रंग तपकिरी होत चालला आहे. ‘कल्पना चांगली, हात कच्चा’ असा परीक्षकांचा शेरा मिळाला. अंतिम सादरीकरणाला तीन आठवडे आहेत. काय सुधारावे?

उत्तर : तुमचा हात कच्चा आहे असे मला वाटत नाही, पाणी लागले की कागद कसा वागतो, याचा अंदाज अजून तुम्हाला आलेला नाही, एवढेच. यंत्रावर तयार होणाऱ्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने पसरलेले असतात आणि ओला तंतू लांबीपेक्षा जाडीत कितीतरी अधिक फुगतो; त्यामुळे डिंकातले पाणी लागताच तेवढाच भाग तंतूंच्या आडव्या दिशेने वाढतो, भोवतालचा कोरडा कागद जागचा हलत नाही आणि त्या ओढाताणीतून सुरकुती पडते. तंतूंची दिशा ओळखण्यासाठी त्याच कागदाच्या 15 सेंमी लांब आणि 1 सेंमी रुंद अशा दोन पट्ट्या, एक उभी व एक आडवी, कापा आणि दोन्हींची टोके एकत्र चिमटीत धरा. जी अधिक लवते, ती तंतूंना आडवी कापलेली असते. तुमची शेड गोल असल्याने तंतू वरून खाली जातील असा कागद लावा, म्हणजे तो सहज वळेल.

पाने मात्र ताणलेल्या कागदावर चिकटवू नका. कागद टेबलावर सपाट असतानाच पानाच्या मागे दाट खळीचा पातळ हात फिरवा, वरून तंतूंची दिशा मूळ कागदासारखीच येईल असा टिश्यू कागद लावा आणि सगळे टिपकागदांमध्ये वजनाखाली किमान एक दिवस ठेवून मगच सांगाड्यावर चढवा. कडा टिश्यूखाली गेल्या की सुटत नाहीत. त्याआधी पान गालाला लावून पाहावे. गार लागले तर त्यात अजून ओल आहे आणि पुढे बुरशी धरण्याची भीती आहे.

हिरवा रंग टिकवण्याच्या मागे लागू नये, कारण हरितद्रव्य प्रकाशात विरत जाते आणि व्हार्निशनेही ते थांबत नाही. गळून पिवळी-तपकिरी झालेली पाने घ्या, किंवा गर काढून उरलेली शिरांची जाळी वापरा. दिवा लागल्यावर ती फार सुंदर दिसते. बिया आणि सुतळी काढून टाका, असा माझा आग्रह आहे. प्रकाशात त्यांचे नुसते काळे ठिपके दिसतात आणि पानाकडे लक्ष जात नाही. दिवा एलईडीचाच असावा आणि कागदापासून पुरेसा दूर.

शेवटी अंधाऱ्या खोलीत शेडमधला दिवा लावून पाहा. कागदाचे दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे गडद पट्टा दिसतो. तो जोड कामटीवरच येईल असे माप धरा, कारण सावली तिथे तशीही पडणारच आहे.