शोरूमवाले जुन्या ग्राहकांना "गाडी एक्स्चेंज करा" म्हणून सारखे फोन का करतात? त्यात आपला खरंच फायदा असतो का?

फोन का करतात ते पटकन सांगतो, मला दुसऱ्या प्रश्नावर बोलायचं आहे. तुमची गाडी किती किलोमीटर चालली, वॉरंटी आणि विमा कधी संपतो, शेवटचा हप्ता कधी, हे सगळं त्यांच्याच कॉम्प्युटरवर असतं. माझ्या मामेभावाच्या मुलीने एका शोरूममध्ये वर्षभर फोन करायचं काम केलं. तिला रोज सकाळी यादी मिळायची आणि सगळ्यात वर नावं असायची ती हप्ते संपत आलेल्यांची आणि सर्व्हिसिंगला नुकतंच मोठं बिल भरून गेलेल्यांची. अशा माणसाला एक नवी गाडी विकली की त्याच्या जुन्या गाडीवर आणखी नफा सुटतो. म्हणून फोन.

आता फायद्याचं. आम्ही धुळ्याचे, देवपूरचे. वडील, म्हणजे नाना, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या पैशातून पेट्रोलची छोटी गाडी घेतली. आठ वर्षांत ४६,००० किलोमीटर. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत नोंद. सर्व्हिसिंग कायम त्याच शोरूमला.

ऑगस्ट २०२२ मध्ये सर्व्हिसिंगला गेलो तर एस्टिमेट ४१,००० चं. क्लच प्लेट, पुढचे शॉकअप, चारही टायर. पंधरा दिवसांपूर्वी तीच गाडी घेऊन आम्ही सप्तशृंगीला जाऊन आलो होतो, घाटात क्लचने कुरकुरही केली नव्हती. कागद बघत बसलो होतो तोच सेल्सचा माणूस चहा घेऊन आला. "काका, हिच्यावर एवढा खर्च कशाला? दिल्लीत जुन्या गाड्या बंद झाल्या, उद्या इथंही होतील. स्क्रॅपचं धोरण आलंय." हे ऐकून लोक घाबरतात, म्हणून स्पष्ट लिहितो. १० वर्षांवरचं डिझेल आणि १५ वर्षांवरचं पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली आणि एनसीआरपुरता, म्हणजे दिल्लीच्या आसपासच्या पट्ट्यापुरता आहे. आपल्याकडे १५ वर्षांनी खासगी गाडीची पासिंग पुन्हा करून पुढे पाच वर्षं चालवता येते. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० ची ५,००० झाली, वर पर्यावरण कर लागतो, पण गाडी कोणी ओढून नेत नाही.

नाना तयार नव्हते. "चालती गाडी कसाले ईकस रे?" एवढंच म्हणाले. पण मोठ्या भावाने पुण्याहून फोनवर ठरवून टाकलं. सोनगीरला नानांचा एक जुना विद्यार्थी आहे, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे त्याचं. तो २,०५,००० द्यायला तयार होता. मी म्हणत होतो त्याला देऊ. भाऊ म्हणाला, ओळखीत गाडी विकली की संबंध बिघडतात, शोरूमला दिली की डोक्याला ताप नाही.

मग गाडी बघायला माणूस आला. बोटाच्या पेराने दार ठोकलं, रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं, डावं दार "रिपेंट" लिहिलं, आणि किंमत काढली १,६०,०००. वर ३०,००० एक्स्चेंज बोनस. बोनस ऐकून भाऊ खूश. पण आदल्या आठवड्यात मी नुसता नव्या गाडीचा भाव विचारला होता तेव्हा २०,००० ची रोख सूट होती, ती आता कोटेशनवर नव्हती. हिशोब करा. सोनगीरला दिली असती तर २,०५,००० आणि २०,०००, म्हणजे २,२५,०००. शोरूमकडून १,९०,०००. सरळ ३५,००० गेले. शिवाय नानांनी आठ वर्षांत विम्याचा एकही क्लेम घेतला नव्हता, ५० टक्के नो क्लेम बोनस होता, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. जुन्या विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर नव्या गाडीला लागतो, तीन वर्षांपर्यंत. शोरूमने पूर्ण प्रीमियमची पॉलिसी फाडली, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

पैशाचं मी विसरलो असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म असतात, त्या कोऱ्या फॉर्मवर नानांच्या सह्या घेतल्या, खरेदीदाराचं नाव रिकामं. शोरूमच्या माणसाने आरशाला लटकवलेला एकवीरा देवीचा फोटो आणि कप्प्यातली वही काढून नानांच्या हातात दिली. नाना ती वही घेऊन पार्किंगमध्येच उभे राहिले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नानांच्या नावाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. आमची जुनी गाडी शिरपूरजवळ हायवेवर एका मोटरसायकलला धडकली होती. गाडी शोरूमकडून दलालाकडे, दलालाकडून तिसऱ्याकडे गेलेली, आरसी मात्र नानांच्याच नावावर आणि विमा संपलेला. वकिलांनी सांगितलं, २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो. शोरूमने डिलिव्हरी नोटवर, म्हणजे गाडी ताब्यात दिल्याच्या कागदावर, बोट ठेवून हात वर केले. ७४ व्या वर्षी नाना कोर्टाच्या तारखांना जातात. दावा अजून चालू आहे.

म्हणून भावाला जे गेल्या दिवाळीतही सांगितलं तेच इथं लिहितो. सोनगीरचा माणूस दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत आरटीओत येऊन गाडी नावावर करून घेणार होता. ओळखीच्या माणसाला आपल्याला तोंड दाखवायचं असतं. दलालाला नसतं. भाऊ म्हणतो नशीब. मला ते मान्य नाही, सही करताना मी बोललो होतो.

तुम्हाला एक्स्चेंज करायचंच असेल तर आधी जुनी गाडी नाही असं सांगून नव्या गाडीची शेवटची किंमत लेखी घ्या, मग जुनीचा विषय काढा. बाहेरचे दोन भाव हातात ठेवा. एस्टिमेट आपल्या गॅरेजवाल्याला दाखवा. कोऱ्या फॉर्मवर सही नको. गाडी विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीच असते.

एक सांगायचं राहिलं. १ एप्रिल २०२३ पासून नियम बदललाय. आरटीओचं अधिकारपत्र असलेल्या डीलरला गाडी दिली आणि २९ सी फॉर्म ऑनलाइन भरला की पुढचं नाव लागेपर्यंत तो डीलरच मालक धरला जातो. अधिकारपत्र बघायला मागा. आणि सगळेच शोरूमवाले असे नसतात, ज्यांना गिऱ्हाईक शोधायला वेळ किंवा माणूस नाही त्यांनी दहा-वीस हजार सोडून एक्स्चेंज केलं तर मी चूक म्हणणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यापासून जुन्या गाड्यांचे भावही उतरलेत, तेव्हा माझे आकडे तसेच धरू नका.

नवी गाडी आता मी चालवतो. नानांची वही तिच्या कप्प्यात ठेवली होती, त्यांनी ती परत घरात नेऊन ठेवली.