वर्गणी, इफ्तार आणि वारीची रजा

प्रश्न : आमचं ऑफिस आणि गोडाऊन मिळून ३५ माणसं आहेत. दर श्रावणात सत्यनारायण होतो, वर्गणी सगळ्यांकडून घेतली जाते. यंदा दोघांनी नकार दिला. रमजानात काहींना संध्याकाळची वेळ बदलून हवी असते, काहींना वारीसाठी रजा. एकाला दिलं की दुसरा नाराज. काय करावं?
– व्यवस्थापक, नाशिक

उत्तर : आधी वर्गणी थांबवा. पगारातून परस्पर कापणं कायद्यात बसत नाहीच, पण यादी घेऊन टेबलाटेबलावर फिरणं हीही सक्तीच असते. साहेबांसमोर कोण नाही म्हणणार? पूजा जरूर करा; पेटी ठेवा, नावं लिहू नका आणि त्या वेळी कामावर बसलेल्याला कारण विचारू नका. पूजेला न बसणारा माणूस निर्धास्त असेल, तरच बसणाऱ्यांचा आनंद खरा.

सुट्ट्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वाचा. तुमच्याएवढी माणसं असतील तर वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. बहुतेक ठिकाणी ही यादी मालकच लावतो आणि वर्षभराच्या कुरबुरी तिथूनच सुरू होतात. डिसेंबरात बैठक घ्या. ज्यांचा सण यादीत बसला नाही, त्यांची ८ किरकोळ रजांमधली एक त्या दिवसासाठी आधीच नोंदवून टाका. वारीलाही हाच नियम. अर्ज महिनाभर आधी आला तर बदली माणूस बघता येतो, आदल्या दिवशी आला तर डिस्पॅच अडतो आणि राग धर्मावर निघतो.

रमजान दरवर्षी साधारण १० ते ११ दिवस अलीकडे येतो, म्हणून वेळ घड्याळावर नव्हे, सूर्यास्तावर बांधा. सूर्यास्ताच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंत सुट्टी ठेवली, तर रोजेदार इफ्तार करतात आणि चौविहार पाळणारे, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेणारे जैन सहकारीही त्याआधी जेवून घेतात. सलग काही तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती कायद्यानं द्यावीच लागते. तीच थोडी सरकवायची. उपाशीपोटी असलेल्यांना जड माल उतरवण्याचं काम सकाळी द्या, पण त्यांना विचारून. न विचारता हलकं काम दिलं तर तेही टोचतं.

नकार फक्त धोक्यासाठी द्या. कन्व्हेअरजवळ मनगटातला लोंबता गंडा रोलरमध्ये ओढला जातो, तेव्हा तो आत खोचून वर घट्ट बाही घालायला सांगा. खोक्यांच्या थप्पीजवळ उदबत्ती नको. गंड्याचा नियम घड्याळाच्या सैल पट्ट्यालाही लावा.